चार हात कमी पडलेली दोरी

मी दोरी आहे. पिवळी, अंगठ्याहून थोडी बारीक, वीस मीटर लांब. सध्या माझ्यावर दोन बनियन, एक चादर आणि मामींचा गाऊन वाळत पडलाय. त्यामुळे बोलता बोलता अंगातून पाणी ठिबकलं तर मी रडतेय असं समजू नका. मला फक्त एकदा सगळं पहिल्यापासून सांगायचंय, मध्येच कुणी मोठ्या माणसाने 'तू गप्प बस' असं न म्हणता.

माझा जन्म कारखान्यातला. केसासारखे शेकडो धागे एकत्र पिळून मला केलं. मग एका टोकाला लोखंडी वजन टांगून तासभर लोंबकळत ठेवलं. मी तुटले नाही. पाण्यात टाकलं, तर बुडाले नाही. तिथल्या बाईने माझ्यावर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. एवढं सरळ कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

दुकानात एक गृहस्थ मला गाडीच्या टपावर गादी बांधायला घेऊन चालले होते. तेवढ्यात एक मुलगी आत आली आणि तिने माझं टोक हातात धरून दोनदा ओढून पाहिलं.

"ही माणसं ओढायची दोरी आहे हो काका. गादीला सुतळी पुरते."

गृहस्थांना राग आला, पण त्यांनी सुतळीच घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही रोज येत जाऊ नका, माझं दुकान बसेल."

तीच माझी पहिली मालकीण. रुग्णालयात एक्स-रे काढायची. मित्र तिला ठिणगी म्हणायचे. का, ते वर कळलंच असेल.

तिचे मित्र दोघे. एक लांबू, शाळेत खेळाचा शिक्षक. दुसरा पाववाला, घरच्या बेकरीत पहाटे चारपासून कणीक मळणारा, मनगटं वल्ह्यासारखी. तिघांना वेड एकच, गावाबाहेरच्या ओढ्याचं. तो ओढा वर्षातले दहा महिने नुसते दगडगोटे. जोराचा पाऊस झाला की चार-पाच तास असा फेसाळत यायचा की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. मग पाणी उतरायचं, पुन्हा दगड. त्या चार-पाच तासांत हे तिघं आपापल्या कयाकमध्ये, म्हणजे एका माणसाच्या अरुंद होडीत बसून, वल्हं मारत खडकांमधून खाली जायचे.

पुलाच्या खांबाचा खालून तिसरा दगड पाण्याखाली गेला की पाणी पुरेसं. जो आधी बघेल तो बाकीच्यांना दोनच शब्द कळवायचा, 'तिसरा बुडाला'. की ठिणगी कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायची, पाववाला दुसरी भट्टी भावाच्या गळ्यात घालायचा आणि लांबूचा दात दुखायला लागायचा. याचे दात पावसातच का दुखतात, हे त्याच्या मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत उलगडलं नाही.

माझं काम उतारावर कढई नावाची जागा होती तिथे. दीड पुरुष उंचीवरून पाणी खाली पडायचं आणि पुढे जायच्या ऐवजी उकळल्यासारखं मागे वळायचं. त्यात सापडलेलं लाकूड अर्धा अर्धा तास गोल फिरताना मी पाहिलंय. म्हणून नियम होता. कुणीही उडी घेण्याआधी एकाने मला घेऊन काठच्या खडकावर उभं राहायचं. माझं एक टोक हातात धरायचं, दुसरं पिशवीच्या तळाला बांधलेलं, बाकीची मी पिशवीत, आणि पिशवी फेकायची. पिशवी उडत जाते तशी मी तिच्यातून सुटत जाते आणि बुडणाऱ्याच्या हाताशी पडते.

पण मी सुटावी म्हणून मला पिशवीत भरायची एक रीत आहे. गुंडाळायचं नाही. वीत वीत करून, जशी येईल तशी, आत कोंबायचं. दिसायला गबाळं दिसतं. ठिणगी प्रत्येक फेरीनंतर अर्धा तास बसून मला अशी भरायची, आणि भरताना दिवसभरातल्या डॉक्टरांना शिव्या द्यायची. मला ते फार आवडायचं. एकदा लांबू कढईत पालथा झाला, मी पहिल्याच फेकीत त्याच्या हातात पडले आणि त्याचं सगळं ओझं माझ्या अंगावर आलं. कारखान्यातल्या त्या वजनापेक्षा ते कितीतरी वेगळं होतं. वजनाला हुडहुडी भरत नाही.

आता मामा.

मामा हे ठिणगीचे सख्खे मामा. वीज कार्यालयाच्या भांडारातून निवृत्त झालेले. तरुणपणी तळ्यात होडी वल्हवायचे. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. व्हॅन त्यांची, होड्या ठेवायचं गॅरेज त्यांचं, त्यामुळे मोहिमेचे प्रमुखही तेच. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. कुणी आजारी पडलं तर पहिला डबा मामांकडून जायचा. फक्त त्यांना कुणी काही शिकवलेलं चालत नसे. त्यातून भाचीने.

"ही काय दोरी ठेवायची पद्धत? बोचक्यासारखी," मामा म्हणायचे.

"कोंबलेलीच हवी, मामा. वेटोळं केलं की हवेत अडकते."

"तुझ्या जन्माआधीपासून मी वायरी गुंडाळतोय. एक वायर कधी गुंतली नाही."

"वायर कुणी बुडणाऱ्या माणसाकडे फेकत नाही."

लांबूला चहाचा ठसका लागला. मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उलट उत्तर मीच दिलं होतं.

त्या पावसाळ्यातली गोष्ट. मी गॅरेजात वाळत पसरले होते. मामा एकटेच आत आले. मला उचललं, कोपर आणि पंजा यांच्यावरून फेरे घेत घेत माझं सुबक वेटोळं केलं, माझ्याच टोकाने मधोमध तीन आवळ वेढे दिले आणि गाठ मारली. भांडारात वायरीला मारायचे तशी. मग उरलेलं टोक धरायला मोकळं ठेवून मला पिशवीत घातलं, तोंड बंद केलं, पिशवीवर थाप मारली आणि म्हणाले, "याला म्हणतात शिस्त."

दोन दिवसांनी दुपारी तिसरा बुडाला. पुलाजवळ होड्या उतरवताना ठिणगीने माझी पिशवी उघडायला हात घातला.

"राहू दे. मी स्वतः भरलीये," मामा म्हणाले.

"एकदा बघते फक्त."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"मामा, तसं नाही..."

"तीस वर्षांत माझ्या भांडारातली एक वस्तू चुकली नाही. आणि तू माझी तपासणी करणार, सगळ्यांसमोर?"

सगळ्यांसमोर म्हणजे लांबू आणि पाववाल्यासमोर. लांबू म्हणाला, "अगं चल ना, पाणी उतरतंय." ठिणगीने पिशवी तशीच खांद्याला अडकवली. सगळ्या जगाशी भांडणारी मुलगी त्या एका क्षणी मामाचं मन राखायला गेली. तिची चूक एवढीच.

कढईपाशी ठिणगी मला घेऊन काठावर थांबली, मागे मामा. लांबू आधी उतरला आणि पुढच्या वळणापलीकडे थांबला. मग पाववाला. कढईच्या तोंडाशी त्याची होडी तिरकी झाली, खाली पडली, उलटली. होडी बाहेर फेकली गेली, तो आत राहिला. डोकं वर, डोकं खाली. ठिणगी खडकावर पाय रोवून उभी राहिली, त्याचं नाव घेऊन ओरडली आणि पिशवी फेकली.

मी अर्ध्या वाटेवर पिशवीतून बाहेर पडले, सबंधच्या सबंध, गाठोडं होऊन. धप्पकन पाण्यात. त्याच्यापासून चार हात अलीकडे.

तिने मला खेचून घेतलं. गाठ ओली होऊन दगडासारखी झाली होती. तिची दोन नखं माझ्यात तुटली. "मामा, हे काय केलंत," एवढंच म्हणाली ती. मामा मागे उभे होते. तेवढ्यात पाण्यानेच पाववाल्याला गिळून पुढे टाकलं, आणि त्याचा खांदा खडकांच्या फटीत आदळला. तो आवाज मला ऐकू आला. ठिणगी मला तिथेच टाकून काठाने धावत सुटली.

खडकावर मी आणि मामा.

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. मग खाली बसले, गाठीला दात लावले आणि ती सोडवली. वाटलं, आता हे मला घेऊन धावतील. पण त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मला आत भरायला सुरुवात केली. वीत वीत. कोंबून. अगदी ठिणगी भरायची तशी. म्हणजे त्यांना येत होतं. इतके दिवस शेजारी बसून बघत होते, सगळं शिकले होते, फक्त भाचीकडून शिकलो हे कबूल करायचं नव्हतं.

पाववाला जगला. त्याच्या खांद्याचा एक्स-रे ठिणगीनेच काढला. ती फिल्मकडे बघत किती वेळ उभी होती, हे मागाहून लांबूने सांगितलं. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. कणीक भाऊ मळतो, हा गल्ल्यावर बसतो.

चौथ्या दिवशी सगळे पाववाल्याच्या घरी जमले. त्याची आई, ठिणगीची आई, मामा, लांबू. तोवर मामांनी सांगून टाकलं होतं, "पोरीचा नेम चुकला. घाबरली बिचारी. वय लहान आहे, रागावू नका तिच्यावर." किती मायेने सांगितलं होतं म्हणता.

"नेम चुकला नाही. दोरीला गाठ होती," ठिणगी म्हणाली.

"असं नाही बोलू गं," तिची आई म्हणाली. "मामा खोटं बोलेल का? अंगाखांद्यावर खेळवलंय त्याने तुला."

"मग पिशवीच उघडू या. तेव्हापासून माझा हात लागलेला नाही."

लांबूने व्हॅनमधून मला आणलं. तिने सगळ्यांसमोर पिशवीचं तोंड सोडलं आणि माझं टोक ओढलं.

आणि मी आले. सरसर, अलगद, एकही अढी न पडता वीसच्या वीस मीटर, त्या फरशीवर. ज्या एका दिवशी मी अडकायला हवं होतं त्या दिवशी मी अशी सुटले. ठिणगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला असता तर बरं झालं असतं. तिला स्वतःचीच शंका आली होती.

पाववाल्याच्या आईने लेकाला विचारलं, "तुला काय दिसलं रे?"

त्याने मामांकडे पाहिलं. रुग्णालयात मामा दोन दिवस त्याच्या उशाशी बसले होते. "काही आठवत नाही," तो म्हणाला.

ठिणगी निघून गेली. पुन्हा ओढ्यावर आली नाही. काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात नोकरी धरली. मामांच्या घरी नवी, लाल दोरी आली. मामा ती वीत वीत करून भरतात आणि नव्या मुलांना सांगतात, "दोरी गुंडाळायची नाही कधी. हे मी पहिल्यापासून सांगत आलोय." मला अंगणात दोन खिळ्यांना बांधलं. ही दोरी अपशकुनी, असं ठरलं म्हणे.

मागच्या आठवड्यात पाववाला आला. मामींनी चहा दिला, त्या आत गेल्या. मामा कपडे वाळत घालत होते. पाववाल्याने डाव्या हाताने मला चाचपलं.

"मामा, गाठोडं माझ्यासमोर पडलं होतं. मी वर आलो तेव्हा. मधोमध आवळलेलं. मी पाहिलंय."

मामांनी बनियनला चिमटा लावला. त्याला आधीच दोन होते. "मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"तुमच्यासमोर कसं बोलणार?"

"मग आता तरी कशाला?"

"ती माझा फोन घेत नाही. लांबू म्हणतो, ती स्वतःलाच दोष देते. रुग्णालयात फिल्म धरतानासुद्धा हात कापतो म्हणे. तुम्ही सांगाल तिला? नाहीतर मी सांगतो."

मामा हळू आवाजात म्हणाले, "या वयात बहिणीसमोर मान खाली घालायला लावशील मला?"

मी ताणून उभी होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, हो, लावीन. याचा खांदा गेलाय, याला तरी म्हणायचा हक्क आहे.

"नाही, मामा," तो म्हणाला. "राहू दे." चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि गेला. संस्कारी मुलगा आहे, असं मामी नंतर म्हणाल्या.

म्हणून तुम्हाला सांगतेय. कुठल्यातरी गावच्या रुग्णालयात, एक्स-रेच्या खोलीत तुम्हाला एक मुलगी भेटेल. 'श्वास धरा' असं दरडावून सांगेल. तिची दोन नखं अजून वाकडी वाढत असतील. तुमचा फोटो काढून झाला की जाण्याआधी तिला एवढंच सांगा, की तिचा हात सरळ होता. पिशवी नेमकी पाववाल्याच्या रोखानेच निघाली होती. मी सुटी असते, तर पोचले असते.