जांभळी सही

दादाने निब शाईच्या बाटलीत बुडवली, कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली, ती वाळू दिली आणि कागद धाकटीकडे सरकवला.

"मळकट."

"हीसुद्धा?"

"जांभळी म्हणतात हिला? चहा सांडलाय नुसता."

धाकटीने बाटलीला झाकण लावलं. टेबलाच्या कडेला आधीच्या बाटल्या नापास झालेल्या पोरांसारख्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांवर तिने पांढरा कागद चिकटवला होता. ही दादाचीच शिस्त. लेबल वाचलं की डोळा आधीच मत बनवून मोकळा होतो, असं तो म्हणे. रंग पारखायचा तर नाव झाकून.

छापखाना वडिलांचा. त्यांच्यामागे भावंडांनी कामं वाटून घेतली होती. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं धाकटीकडे, रंग दादाकडे. मशीनवरून निघालेला पहिला कागद त्याच्या टेबलावर यायचा. तो भिंग लावून बघायचा, निळा वाढव, लाल उतरव असं फर्मावायचा आणि मनासारखं झालं की कोपऱ्यात जांभळी सही ठोकायचा. जांभळीच, कारण ती शाई छापखान्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि मशीनमनला लांबूनही कळायचं की काम पास झालं. त्या सहीशिवाय मशीन पुढे चालत नसे. गिऱ्हाइकं त्याच सहीच्या भरवशावर बिनघोर काम टाकून जात.

कंपनीने ती शाई बंद केली तेव्हापासून दादा तोच जांभळा हवा म्हणून हटून बसला होता. धाकटीने दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने निळ्यात गुलाबी मिसळून दिली, तिलाही दादाने नाक मुरडलं. खरं तर जुन्या शाईची शेवटची बाटलीसुद्धा त्याला मळकट वाटू लागली होती. तळाचा गाळ असेल म्हणून त्याने ती ओतून टाकली होती. सध्या तो हिरव्या बॉलपेनने सही करत होता आणि दर सहीला चिडत होता. त्यात मध्यंतरी एक कॅलेंडरचं काम परत आलं. चित्रांतल्या सगळ्यांचे चेहरे निळसर पडले होते. दादाने कागदालाच दोष देत कागदवाल्याला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"जुन्या सहीचा एखादा कागद शेजारी ठेवून बघ ना," धाकटी म्हणाली.

"नमुना तुला लागतो. मला कशाला? झोपेतून उठवून विचार, तो रंग सांगेन."

"बरं बाबा."

तिने बाटलीवरचा पांढरा कागद नखाने सोलून काढला. खाली जुनंच लेबल होतं. तीच कंपनी, तीच शाई.

"एका दुकानाच्या माळ्यावर पडून होती," ती म्हणाली. "सील मी आज सकाळी फोडलं."

दादा हसला. "पडून पडून नासली असेल."

"असेल."

पण त्याचं त्यालाच ते पटलं नसावं. तो उठला, कपाटातून एका जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठ काढलं आणि खिडकीपाशी गेला. कोपऱ्यातल्या सहीला नवी रेघ खेटून धरली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

रेघ आणि सही अगदी एकसारख्या होत्या. दोन्ही मळकट.

"सही विटलीय," तो म्हणाला. "ऊन लागलं असेल."

"कपाटात?"

त्याने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"तुला कशी दिसते?"

"होती तशीच, दादा. लख्ख जांभळी. दोन्ही."

दादा स्टुलावर बसला. त्याला भीती वाटली, आणि ती लपवावी हेही सुचलं नाही.

"त्या कागदवाल्याला मी काय काय बोललो."

"मोतीबिंदू असेल रे. काढून टाकतात हल्ली. उद्याच जाऊन येऊ डॉक्टरकडे."

"तोवर काय?"

तेवढ्यात मशीनमन दारात आला. हातात पक्ष्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं, नुकतंच निघालेलं.

"दादा, बघताय ना? मशीन थांबवून ठेवलंय."

दादाने कागद घेतला, भिंग उचलून पक्ष्याच्या पंखावर टेकवलं. निळा कमी वाटला. वाढव म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग आपल्या खुर्चीकडे बोट करून त्याने भिंग धाकटीच्या हातात दिलं.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नसेल, दिसतं तर आहे. बस. पक्षी कसा आहे?"

"छान आहे."

"छान हा रंग नव्हे. नीट बघून सांग."

धाकटी भिंगावर वाकली आणि अडखळत सांगू लागली. चोच पिवळी, बुडाशी जरा केशरी. पंख गडद, जवळजवळ काळ्यावर गेलेले. गळा पांढरा, म्हणजे पांढराच असावा, पण थंडीने काकडल्यासारखा दिसतोय. दादा डोळे मिटून ऐकत होता. तिचं संपल्यावर तो मशीनमनकडे वळला.

"निळा थोडा उतरव," तो म्हणाला, "आणि कागद परत हिच्याकडे आण."