धोंडाबाईंचं चाडं

आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी रंगाचे डबे येतात. शाळा असो, देऊळ असो, जुनं झाकायचं आणि चकचकीत दाखवायचं. सणसरच्या शेती संग्रहालयातही तेच झालं.

तिथे मांडलेल्या वस्तूंची तपासणी करायला बारामतीहून योगिनी दरवर्षी येते. कुठे वाळवी लागली, कुठे चीर पडली, ते ती पाहते. यंदा ती पाभरीपाशी, म्हणजे पेरणीच्या अवजारापाशी थबकली. पाभरीवरचं चाडं, म्हणजे पेरताना ज्यातून बी सोडतात ते लाकडी भांडं, नुसतं लखलखत होतं.

"याच्या काठावर जळाल्याची खूण होती. ती कुठे गेली?" तिने विचारलं.

संग्रहालय सांभाळणारा अविराज हसत म्हणाला, "मॅडम, वर्धापनदिनाला पाव्हणं येणार व्हतं. घासून पॉलिश मारलं. आता कसं नव्यावानी दिसतंय का न्हाय?"

नेमकी त्याच वेळी फुलाबाई आपल्या भावजयीला संग्रहालय दाखवायला घेऊन आली. ती अविराजची चुलत चुलती आणि हे चाडं तिनेच दिलेलं. तिने काठावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि ती अविराजकडे वळली.

"माझी सासू धोंडाबाई तरणेपणी रांडावली," ती म्हणाली. "तसल्या बाईची मूठ चाड्यावर नगं म्हणून तिच्या दिरानं, तुझ्याच आज्यानं, हे चुलीत घातलं. सासूनं हात भाजून घेतला, पर वढून काढलं. त्याच चाड्यावर मूठ धरून रान पेरलं आन् पोरं जगवली. ती खूण जपाय मी तुझ्या हवाली केली व्हती, अविराज. दुसऱ्या कुणी घासली असती तर ठाव नव्हतं म्हणून सोडलं असतं. तुला समदं ठाव व्हतं."

अविराजची मान खाली गेली. "व्हय, ठाव व्हतं. पाव्हण्यांचं निमित्त झालं, काकू. आज्याची करणी चारचौघांत कशाला, असं वाटलं."

"म्हणजे आजोबांची लाज झाकायला तुम्ही धोंडाबाईंची हिंमत पुसलीत!" योगिनी म्हणाली. "वस्तू जपायची म्हणजे नवी करायची नसते. तिच्यावर जे घडलं ते तसंच ठेवायचं असतं. आता ती खूण परत येणार नाही. नवा डाग पाडला तर तो खोटाच."

फुलाबाईने चाडं काढून पदरात घेतलं आणि ती निघाली. घरच्याच माणसाने फसवल्यावर माणूस भांडतसुद्धा नाही.

अविराज तिच्यामागे धावला. "काकू, तुमचंच हाय, न्या. पर ठिवलंत तर पाटीवर समदं लिवतो. आज्यानं केलं ते बी आन् मी केलं ते बी."

"आन् सासूचं नाव?"

"पयलं."

ती दारातून मागे वळली. मग तिने चाडं त्याच्या हातात दिलं. "तुला माफ केलं असं समजू नगंस. पोरीबाळींनी वाचावं म्हणून ठिवतीया."

आज तिथे पाटी आहे. 'धोंडाबाईंचं चाडं. विधवेने पेरू नये म्हणून दिराने चुलीत टाकलं. त्यांनी ते बाहेर काढून त्याच चाड्याने रान पेरलं. जळाल्याची खूण दिराच्या नातवाने, म्हणजे मी, घासून टाकली. अविराज.'

मंडळी, वाडवडिलांच्या चुकांवर पांघरूण घातलं की त्या चुका ज्यांनी सोसल्या, त्यांचं मोठेपणही पुसलं जातं. आपल्याही घरात अशी एखादी खूण असेल. ती कुणी सोसली, ते घरातल्या बायकांना विचारा आणि मोठ्याने सांगा.