खांद्यावरची चुंबळ

डॉक्टर नाहीद यांनी खुशबूच्या उजव्या खांद्याशी, हासळीच्या हाडाखाली दोन बोटं सोडून अंगठा टेकवला आणि हळूच दाबला. ओरडायचं नाही, हे खुशबूने जिल्हा रुग्णालयाच्या पायऱ्या चढतानाच ठरवून टाकलं होतं. ती ओरडली नाही. टेबलाची कड मात्र तिने इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"इथंच ना?"

"जी, मॅडम."

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"आणि नऊही दिवस फायरिंग सुरूच?"

खुशबूने पडद्याकडे पाहिलं. पडद्याबाहेर अंकुश उस्ताद बसले होते, आणि पडदा सुती होता.

अंकुश उस्ताद पोलीस प्रशिक्षण केंद्रात मुलींना रायफल चालवायला शिकवत. पंधरा वर्षांत त्यांनी शेकडो पोरी तयार केल्या, पण एकीचंही रडगाणं ऐकून घेतलं नाही. केंद्रातल्या दवाखान्यात खुशबूचा एक्स-रे निघाला तेव्हा सगळ्या तुकडीसमोर ते म्हणाले होते, "फोटोत काई नाई म्हंजे खांद्यात काई नाई. नाचता येईना, अंगण वाकडं!" पोरी हसल्या होत्या. शेवटची फायरिंग परीक्षा बारा दिवसांवर आली होती. दुखापत सरावातली असेल तर बरं झाल्यावर परीक्षा देता येई, आणि स्वतःच्या चुकीने झालेली असेल तर नाव कापून सरळ घरी पाठवत. घर म्हणजे गोंडपिपरीच्या अलीकडचं खेडं, आणि धानाच्या रोवणीला जाणारी आई, कमलाबाई. त्या घरातून सरकारी गणवेश घालणारी खुशबू पहिलीच. तिला खांद्याची भीती नव्हती, परत पाठवलं जाण्याची होती.

"कोपर वाकव. मी हात ओढते, तू ओढू द्यायचा नाही."

डॉक्टरांनी ओढलं आणि कळ पुन्हा नेमकी त्याच जागी उठली. डॉक्टरांनी मान डोलावली. पहिला एक्स-रे उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "समोरून फोटो काढला की हे हाड दुसऱ्या हाडांआड लपून बसते. याला वेगळ्या बाजूनं गाठावं लागते."

एक्स-रे काढणारे झिंगूभाऊ निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला उताणं झोपवलं, तळहात डोक्यावर ठेवायला लावला आणि कोपर छताकडे वळवलं.

"डोक्यावर पान्याचा गुंड धरते का नाई पोरी, तसा धर. आता हालू नको."

थोड्या वेळाने मशीनच्या पडद्यावर हाड दिसलं. पुढे वाकलेलं, कावळ्याच्या चोचीसारखं. चोचीच्या मुळाशी केसाएवढी एक रेघ होती.

"कोराकॉइड म्हणतात याला. चिरलंय." डॉक्टर म्हणाल्या. "सरकलं नाही, म्हणून ऑपरेशन नको. सहा आठवडे हात झोळीत. पण मला एक सांग, रायफलीचा दस्ता तर खांद्याच्या खोलगट जागी टेकवतात ना?"

खुशबूने मान हलवली. डॉक्टरांनी कोपऱ्यातली कुबडी उचलून तिच्या हाती दिली. "दाखव."

तिने कुबडी खांद्याला लावली. दुखत असूनही बरोबर जागी लावली. उस्तादांनी शिकवलेलं अंगात भिनलं होतं. डॉक्टरांनी कुबडीकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या रेघेकडे. दोन्हींत दोन-अडीच बोटांचं अंतर होतं.

"असं धरलं तर धक्का इथं बसणारच नाही."

खुशबूने खुर्चीवर काढून ठेवलेला खाकी शर्ट ओढला आणि आतली बाजू उलटी केली. उजव्या खांद्याशी चार टाके घालून एक कापडी कडं शिवलेलं होतं. जुन्या लुगड्याची चुंबळ, बायका पाण्याच्या गुंडाखाली डोक्यावर ठेवतात तशी, फक्त आकाराने लहान.

"आईनं देल्ली," ती पुटपुटली. "फायरिंगच्या पयल्या आठवड्यात खांदा सुजला होता. आई म्हने, डोक्यावर एवढं वजन वाह्यलं, चुंबळीनं कधी डोकं दुखलं नाई."

कमलाबाईंचं चुकलं एवढंच, की डोक्यावरचं ओझं बसून राहतं आणि बंदूक लाथ मारते. दर गोळीला दस्ता त्या गोल कडेवरून घसरत होता आणि आतल्या चोचीवर आदळत होता. नऊ दिवस. डॉक्टरांनी टाके उसवून चुंबळ टेबलावर ठेवली, तिच्यावर केसपेपर सरकवला, खुशबूच्या खांद्यांवर चादर टाकली आणि उस्तादांना आत बोलावलं.

उस्ताद पडद्यावरची रेघ वाकून पाहत राहिले.

"म्हंजे नाटक नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या.

एवढ्यावर निभावलं असतं. केसपेपर जागेवर होता आणि डॉक्टरांची नजर खुशबूला तेच सांगत होती. पण खुशबूनेच हात पुढे केला आणि कागद बाजूला सारला.

"उस्ताद, चूक माही व्हय. शर्टाच्या आत हे लावून फायर करत होती."

उस्तादांनी डाव्या हाताने चुंबळ उचलली, उलटसुलट केली. वर्दीच्या आत खांद्याला काही लावायचं नाही, हा नियम ते दर सोमवारी ओरडून सांगत.

"कोनं देल्ली?"

"आईनं."

"तिले मालूम हाये, याच्यानं झालं म्हून?"

"नाई." खुशबूने बाहेरच्या दाराकडे पाहिलं. "मले घरी पाठवा, उस्ताद. पन तिले नका सांगू."

उस्ताद उत्तर न देता चुंबळ खिशात घालून बाहेर गेले. खुशबू कसाबसा शर्ट अंगावर टाकत मागे धावली.

बाहेर बाकावर कमलाबाई सुईदोरा आणि कापड घेऊन बसल्या होत्या. निरोप मिळाल्याबरोबर त्या सकाळच्या एसटीने आल्या होत्या. उस्तादांना पाहून उठून उभ्या राहिल्या.

"काय निंगालं, साहेब?"

"बारीक हाड चिरलं, बाई. सहा आठवडे आराम."

"आन नोकरी?"

उस्तादांनी खुशबूकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

"सरावात लागलं, तसंच लिहीन मी. बरी झाली का पोरगी माह्यासमोर परीक्षा देईन. शर्टात काई न लावता." शेवटचं वाक्य त्यांनी खुशबूसाठी सावकाश म्हटलं.

कमलाबाई पुन्हा बाकावर बसल्या. पदराने तोंड पुसलं, हसल्या, आणि हातातलं कापड पुढे केलं. नवीन चुंबळ होती, पहिलीच्या दुप्पट जाड.

"घे वो खुशबू. पयली बारीक पडली असन. ही पाय कशी भरली."

खुशबूला हात पुढे करवेना, मागेही घेववेना.

"हे मले द्या, बाई," उस्ताद म्हणाले.

"तुमाले?"

"माहाही खांदा दुखते. लय वर्सं झाले."

"आगं माय! कुठी?"

कमलाबाईंना ते खरं वाटलं होतं. उस्तादांनी खांद्यावर कुठेही हात ठेवला असता तरी चाललं असतं. पण त्यांचा डावा हात वर गेला आणि सवयीने एका जागी जाऊन थांबला. उजव्या हासळीखाली, दोन बोटं सोडून. बोट टेकलं तसा त्यांचा जबडा आवळला गेला.

डॉक्टर नाहीद दारात उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून हाक दिली, "झिंगूभाऊ, मशीन बंद नका करू. अजून एकाला डोक्यावर हात ठेवायचा आहे."