खळ्यावरची गोल्फची काठी

मी गोल्फची काठी बोलतेय. डोकं लोखंडी, दांडा विलायती लाकडाचा. हसू नका, बसा जरा!

बोटीतून आले आणि नागपूरच्या एका दुकानाच्या दारात दोन वर्षं टांगलेली राहिले. शाळा म्हणाल तर तेवढीच. पण माणूस ओळखायला तिथेच शिकले. खरं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही, आधी हात लावतं. आंजी गावच्या रूपरावांनी मला हात लावला आणि मी मनात म्हटलं, चला, सुटले!

रूपराव गोल्फचे प्रोफेशनल. साहेबलोकांना शिकवायचं, बक्षिसाचे सामने खेळायचे, हाच धंदा. माझ्या जोरावर किती पेले जिंकले! पण जिंकणारा पेला न्याहाळतो, हे मैदान न्याहाळायचे. "हा नाला इथं काऊन ठेवला असंन? खेळणाऱ्याले मोह पडावा म्हून!" असं माझ्याशीच बोलायचे आणि सुपारीच्या पुडीच्या कागदावर मैदानं काढायचे.

१९५४ साली नागपूरच्या क्लबाला नवं मैदान हवं होतं. सेक्रेटरी कृष्णकांतराव म्हणाले, "रूपराव, तुम्ही पडलात खेळाडू. स्वतः आखलेलं एक तरी मैदान दाखवा, काम तुमचं. नाहीतर बाहेरचा माणूस बोलावतो."

झालं! मला खांद्यावर टाकून रूपराव आंजीच्या आपल्या पडीक रानात हजर. माझ्याच दांड्यानं अंतरं मोजली. बाभळीला वळसा, नाल्यावरून टोला, काय मजा! पण शेवटी चेंडू जिथे हळूच खळगीत ढकलायचा, ती जागा गुळगुळीत हवी. गवत लावलं, वाळलं. काळ्या मातीच्या भेगेत चेंडू गेला की गेलाच.

शेजारची मनकर्णाबाई बांधावरून बघत होती.

"काय करून राह्यला रे रूपराव?"

"जमीन सपाट करून राह्यलो, मावशी. आठ दिवसांनी साहेब येते."

"मंग मळणीचं खळं काऊन नाई करत? जनम गेला आमचा खळी करण्यात!"

पाणी मारलं, बैल फिरवून माती चोपली, शेणानं सारवली. तीन खळग्यांना तीन गोल खळी! चेंडू सोडला तर सरळ रेघेत घरंगळला. रूपराव नाचायचेच बाकी होते.

पण पाहणीच्या सकाळी मनकर्णाबाई अडून बसली. "मधात तिवडा नाई? असं बोडकं खळं मी ठेवत नाई!" तिवडा म्हणजे ज्याभोवती मळणीचे बैल फिरतात तो खांब. तिनं मलाच उलटी धरून खळगीत रोवलं, डोक्याला ज्वारीची कणसं बांधली. तेवढ्यात मोटार आली. रूपरावांचा चेहरा उतरला.

कृष्णकांतराव खळ्यात पाय टाकणार, तोच मनकर्णाबाई आडवी आली.

"साहेब, जोडे काढा! खळ्यात लक्ष्मी येते."

गेलं काम! साहेबांनी आपल्या खिळ्यांच्या बुटांकडे पाहिलं, सारवणाकडे पाहिलं. खाली बसले आणि नाड्या सोडल्या! अनवाणी उभे राहून आपल्या काठीनं चेंडू ढकलला, तो थेट माझ्या पायाशी.

"खिळ्यांनी आमची जमीन महिन्यात उखडते," ते म्हणाले. "आणि ही कणसांची खूण तर पार नाल्यापल्याडून दिसत होती. कुणाची अक्कल ही?"

गिऱ्हाईक पटलंय, आता सगळं श्रेय आपलंच म्हणायला किती वेळ लागतो?

"मैदान मी आखलं," रूपराव म्हणाले. "खळं मावशीचं."

"मग नागपूरला दोघंही या."

"मी?" मनकर्णाबाई हसली. "मंग माही ज्वारी कोण काढन? रूपरावले न्या. म्या शिकवलं त्याले."

निघताना रूपरावांनी मला उपटायला हात घातला. "राहू दे रे," मावशी म्हणाली, "धान्य घरी गेल्याबिगर तिवडा हालवत नाई." रूपरावांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सोडून दिलं. खेळणाऱ्याला काठी लागते, आखणाऱ्याला नजर पुरते!

मळणीला दणकट बाभळीचा खांब आला, मी त्याच्या माथ्याला बांधली गेले. आता बैल माझ्याभोवती फिरतात आणि रूपराव मैदानं आखत गावोगाव. कणसं मळून झाली की पोरं-म्हातारी खळ्यात चेंडू ढकलतात. तुम्हीही या. मात्र जोडे बाहेर काढा, मावशी बांधावरच बसलेली असते!