शेपूट

शोकसभा संपून हॉलमध्ये चहा सुरू झाला, तेव्हा आजोबांच्या पलटणीतले एक म्हातारबुवा काठी टेकत नातीजवळ आले.

"तूच ना ती शेपूट? तुझ्याविषयी बोलायला लागला की थांबायचाच नाही."

तिला हसू फुटलं. शाळेत सोडताना आजोबा मैदानातून पुढे चालायचे आणि तिने नेमका त्यांच्या ठशांवर पाय ठेवायचा, असा दोघांचा रोजचा खेळ. पाऊल जरा चुकलं, की हा एवढा लाड करणारा माणूस असा खेकसायचा की विचारू नका! आजी कपाळाला हात लावायची, "पोरीची कसली परेड काढताय?"

नातीने हे सगळं रंगवून सांगितलं. म्हातारबुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातली कपबशी बाजूला ठेवली.

"खेळ कसला, पोरी? आम्ही जमिनीतले सुरुंग काढणारे. पुढे तो, मागून आम्ही, त्याच्याच ठशांवरून. म्हणून तर धड पायांनी घरी आलो."

"अहो, पण ते शाळेचं मैदान होतं!" ती जवळजवळ ओरडलीच.

"तुझ्यासाठी."

नात जागच्या जागी थिजली. म्हणजे ते सुरुंग आजोबांना रोज दिसत होते. आणि रोज, तिच्याआधी, ते स्वतः पाय टाकत होते.

निघताना सगळे समोरच्या हिरवळीवरून सरळ फाटकाकडे गेले. आईने दोनदा हाक मारली. नात पायरीवरच उभी होती. पाय कुठे ठेवायचा, तेच तिला कळेना.