लंगडीचं कोकरू

स्वेटरच्या बाहीला लोकरीचा एक भुरा तंतू चिकटला होता, आणि डॉक्टर बोलत होते तेव्हा तो तंतू चिमटीत धरायची त्याची खटपट चालली होती. आम्ही सगळं करून पाहिलं, असं काहीसं डॉक्टर म्हणत होते... तंतू निसटायचा, पुन्हा चिकटायचा. शेजारी भिंतीला टेकून उभी असलेली लेक तशीच घसरत खाली बसली. आणि त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे — काय करणार, हेच आलं — की आता संध्याकाळच्या धारा कोण काढणार.

त्यानंतर धारा त्यानंच काढल्या. जमल्या तशा काढल्या. काळतोंड्या मेंढ्या त्याच्या घरच्या, बापापासूनच्या. त्या थोडं नाक मुरडून का होईना, दूध देत राहिल्या. पण भुऱ्या... भुऱ्या बायकोच्या माहेरच्या. लग्नानंतर ती चार मेंढ्या घेऊन आली होती, त्यांचाच हा वाढलेला कुटुंबकबिला. टेकडीच्या पलीकडे सगळ्यांकडे भुऱ्या, अलीकडे सगळ्यांकडे काळतोंड्या, आणि दोन्हीकडचे लोक मनातून आपल्याच मेंढ्यांना शहाणं समजणारे. तो तिला चिडवायचा, तुमच्या मेंढ्या म्हणजे बोलणं फार आणि दूध थेंबभर. ती म्हणायची, माणसं ओळखून देतात हो त्या.

ती गेल्यावर भुऱ्यांनी पान्हा चोरला. तो खाली बसला की अंग आखडून घ्यायच्या, आणि बाकीचा वेळ फाटकाशी उभ्या राहून ज्या वाटेनं तिला दवाखान्यात नेलं त्या वाटेकडे बघत ओरडायच्या. सकाळी ओरडायच्या, दुपारी ओरडायच्या. एक दिवस रस्त्यावरून खाटकाची गाडी चालली होती आणि त्यानं हात केला. एवढंच. भुऱ्या गाडीत चढल्या. त्यांतल्या लंगडीला फळीवरून चढता येईना, तर त्यानं तिला स्वतः उचलून आत ठेवली. तिचं पोट उबदार होतं. लेक तेव्हा शहरात, कायमचं इकडे यायचं म्हणून स्वतःचं सामान आवरायला गेलेली. परत आल्यावर तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "दिल्या एकाला. पाळायला."

आज सकाळी धारा चालू असतानाच रक्तवाली आली. तिचं खरं नाव तो विसरला होता, आणि आता विचारायची सोय नव्हती. ती पशुसंशोधनवाल्यांची बाई. दोन वर्षांपूर्वी येऊन तिनं सगळ्या कळपाचं रक्त काढून नेलं होतं, काळतोंड्यांचं आणि भुऱ्यांचंही, आणि तेव्हा एकेक मेंढी मांडीत दाबून धरायला बायकोच होती. रक्तवालीला पाहायचं होतं की इतक्या सारख्या दिसणाऱ्या दोन जातींच्या दुधात फरक का. आणि विशेषतः हे की सरदारच्या लेकींना एवढं दूध कुठून येतं. सरदार म्हणजे त्याचा मेंढा, थोरली नावाच्या जुन्या काळतोंडीचा मुलगा. आताशा बाकीच्या मेंढ्या आटल्या होत्या, पण सरदारच्या लेकी अजून भांडं भरत होत्या. मेंढा काही दूध देत नाही, पण आईचं दूध लेकींपर्यंत पोचवतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं. थोरलीचं रक्त आहे ते, आमच्या घरचं — असं तो येईल त्याला सांगायचा. बायकोच्यादेखत सांगायचा.

रक्तवाली कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, सरदार थोरलीचा नाहीये."

"असं कसं? मीच बिल्ला मारलाय त्याच्या कानात."

"बिल्ल्याचं मला माहीत नाही. त्याचा बाप तुमचा काळतोंड्याच आहे, म्हणून तोंड काळं. पण आई ती लंगडी. भुरी."

लेकीनं धार थांबवली.

"या दोन जाती म्हणजे एका आईच्या दोन लेकी समजा, वेगवेगळ्या घरी दिलेल्या," रक्तवाली सांगत राहिली. "तोंडवळा एक, रक्तही बरंचसं एक. दूध काही एका गोष्टीवर ठरत नाही, बारीक बारीक खूप गोष्टी असतात. पण तुमच्या काळतोंड्या पिल्लं दुधावरून तोडली की आटतात. लंगडीच्या घरातल्या भुऱ्यांत काहीतरी असं आहे की त्या रेटून देत राहतात. सरदारच्या लेकींत आलंय ते तिकडचं. आता त्या लेकींवर सरदारलाच सोडता येणार नाही, बाप आहे त्यांचा. काळतोंड्या मेंढा सोडलात तर हे पुढच्या पिढीत पातळ होत जाईल. लंगडीच्या घरातला मेंढा मिळाला तर टिकेल. त्या भुऱ्या कुठायत? मला दिसल्या नाहीत."

"दिल्या," तो म्हणाला.

"मग परत मागून घेऊ," लेक म्हणाली. "बाबा, कुणाला दिल्यात? मी फोन करते."

"बघतो मी."

"बघतो काय? मेंढा सोडायचे दिवस आलेत. आईच्या मेंढ्या आहेत म्हटलं तर कोण नाही म्हणेल?" आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत ती फोन घेऊन उन्हात गेली, नि मोठ्यानं हसत बोलताना ऐकू आली. परत आली ती सांगत, "मामा येतोय. आजच. त्याच्याकडे लंगडीच्या मावशीचा नातू आहे म्हणे, तरणा मेंढा, तो घेऊन येतोय. म्हणाला ताईच्या मेंढ्याही बघून होतील."

रक्तवाली गेली. लेक दूध गाळायला आत गेली. तो गोठ्यात एकटा उरला, आणि पलीकडे थोरली रवंथ करत बसली होती, म्हातारी, दात झिजलेली, जिला त्यानं इतकी वर्षं त्या मेंढ्याची आई म्हणून जास्तीचा पेंडीचा तुकडा घातला होता.

असं कसं... आणि मग ते आलंच. अंगणाच्या भिंतीवर वाळत पडलेलं एक इवलंसं कातडं, चार पायांना चार भोकं पाडलेली, आणि कुत्रं ते ओढतंय. त्यानं विचारलं होतं बायकोला, हे काय? ती हात धूत होती. म्हणाली, "त्याचं अंगडं. काढलं आता. लागली त्याला थोरली." थोरलीचं कोकरू मेलेलं जन्मलं होतं, लंगडीला जुळी झाली होती आणि दोघांना पुरेल एवढं तिच्या अंगात नव्हतं. तेव्हा मेलेल्याचं कातडं सोलून जिवंतावर चढवायचं, म्हणजे वासाला फसून मेंढी त्याला जवळ करते — हे सगळेच करतात, तोही करायचा. तिनं सांगितलं होतं. लपवलं नव्हतं काही. तो हूं म्हणाला होता आणि कुत्र्याला हाकललं होतं. नि चारदोन दिवसांनी बिल्ले मारायला बसला तेव्हा ज्या कासेला जे लटकलेलं, ती त्याची आई, असं बघून त्यानं ठोकून दिलं. बापानं तसंच शिकवलं होतं. पाजते ती आई.

मग नंतर? तो पाहुण्यांपुढे थोरलीच्या रक्ताचे गोडवे गायचा तेव्हा? तिला आठवत असणारच. ती चहा द्यायची आणि म्हणायची, "हो ना, तुमच्याकडचंच." तिच्या आवाजात तेव्हा काही होतं का — तो पेंडीच्या पोत्यावर बसला आणि तो आवाज पुन्हा पुन्हा आठवू लागला, आणि जितका आठवावा तितका तो सपाट होत गेला, शेवटी त्याचाच आवाज वाटायला लागला. हसत होती ती? का तीही विसरली होती? हे आता कोण सांगणार.

दुपारभर तो कुंपणाची तार ताणत बसला, जी ताणायची गरज नव्हती. मेहुणा निघाला असेल. तिला पोचवून झाल्यावर याच अंगणात मेहुणा त्याला म्हणाला होता, "दाजी, तिच्या मेंढ्या तेवढ्या नीट सांभाळा. बाकी काही मागत नाही मी." आणि हा हो म्हणाला होता. आता काय सांगायचं? रोग आला होता... रोग आला असता तर रक्तवालीला कळवायला हवं होतं. चोरीला गेल्या... लेकीला तर पाळायला दिल्या म्हणून सांगितलंय. खरंच सांगावं — मला ऐकवत नव्हतं रे त्यांचं ओरडणं. हे वाक्य त्यानं तारेला पक्कड लावून दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. ठीक वाटलं. मग त्यापुढे लंगडीला उचलून ठेवल्याचं सांगावं लागेल, तिथं ते अडलं. तिनं धडपडही केली नव्हती. त्याच्या दंडावर हनुवटी टेकून राहिली होती.

"बाबा, त्या माणसाचा नंबर देताय ना?" लेकीनं दारातून विचारलं.

"मामा येऊ दे."

"मामाचा काय संबंध?"

त्यानं पक्कड पुन्हा तारेला लावली. ती आत गेली, आणि आतून भांड्यांचा आवाज आला तो नेहमीपेक्षा जरा जोरात आला असं त्याला वाटलं.

उन्हं कलली तेव्हा टेकडीवरून गाडी उतरताना दिसली. गाडी फाटकाशी थांबली, मेहुण्यानं उडी मारली, आणि त्याच्या चेहऱ्यावर — नाक तिचं, ओठ मिटून हसायची तऱ्हा तिची, हे याला याआधी कधी दिसलं नव्हतं.

"काय दाजी!" मेहुणा लांबूनच ओरडला. "पोरीनं सांगितलं सगळं. आमचंच दूध पीत होतात की इतकी वर्षं! आणि वर मिशीला पीळ!"

"मला मिशी कुठाय रे?"

"म्हणून तर पीळ पडला नाही!"

आणि तो हसला. हसू कुठून आलं कळलं नाही, पण पोटातून आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आलं, आणि मेहुणाही फाटकाला धरून हसत होता, "ताईनं बरं मामा बनवलं तुम्हाला," म्हणत. दिवसभर ज्या माणसाच्या येण्याचा धसका घेतला होता तोच एकटा माणूस होता ज्याला हे असं हसता येत होतं. तिच्यावर. तिच्याबरोबर. तो जाऊ नये, असं त्याला वाटलं. त्यानं असंच फाटकापाशी उभं राहावं, गोठ्याच्या आत येऊच नये.

दोघांनी मिळून तरणा मेंढा खाली उतरवला. भुरा, ताठ मानेचा. त्यानं जमीन हुंगली, मग तोंड वर करून गोठ्याकडे वास घेतला.

"बघा, नातेवाइकांना शोधतोय," मेहुणा म्हणाला, आणि दोर हातात घेऊन गोठ्याकडे चालू लागला. लेक दारातून बाहेर आली.

मेहुण्याला सांगायचं राहिलं होतं. लेकीलाही.