सैल पट्टा

लेकीने नवा संच आणला तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडलं. दोन सडपातळ स्पीकर आणि मध्ये एक चपटा डबा. आमचा जुना टेपरेकॉर्डर आतले दिवे तापेपर्यंत नुसता गुणगुणतो, मग बोलतो. त्याच्या आवाजाला ऊब आहे, नव्यांना ती नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

त्यावर मी लावायची ती एकच फीत. ह्यांची. जाण्याच्या आदल्या वर्षी ह्याच यंत्रावर सहज केलेली. पंखा कसा उघडायचा ते ह्यांनी मला समजावलंय आणि मधूनमधून माझ्यावर वैतागलेत.

लेकीने ती दुकानातून नव्या संचासाठी उतरवून आणली होती. तिने कळ दाबली. खोलीत कुणीतरी चिरक्या, घाईच्या आवाजात बोलू लागलं.

"हे कोण?"

"कोण म्हणजे? बाबा!"

"काहीतरीच. ह्यांचा आवाज भारदस्त होता. दुकानदाराने वेग चुकवलाय."

"त्याने तपासलाय गं. तुझ्याच यंत्राचा पट्टा सैल झाला असणार म्हणाला. फीत हळू फिरते."

हळू फिरली की आवाज जाड होतो. जन्मभर प्रयोगशाळेत मी मुलांना हेच शिकवलं. पट्टा वर्षानुवर्षं जरा जरा सैल होत गेला आणि माझी आठवणही त्याच्याबरोबर खाली उतरत गेली.

तरी नणंदेला फोन लावला. "वन्सं, ह्यांचा आवाज कसा होता हो?"

त्या खळखळून हसल्या. "दादाचा? अहो वहिनी, फोनवर लोक त्याला म्हणायचे, 'बाई, जरा साहेबांना द्या!' विसरलात?"

विसरले होते.

निघताना लेकीने संचावरचं एक बटण दाखवलं. "हे डावीकडे फिरव, वेग कमी होतो. तुझे बाबा परत!"

"माझे नाहीत, तुझे," मी म्हटलं. ती हसत गेली.

दार लावून मी बटण फिरवलं. भारदस्त आवाज आला, स्वच्छ, जरासुद्धा खरखर नाही. आणखी फिरवलं, आणखी भारदस्त झाला. कुठे थांबलं की ते ह्यांचं बोलणं म्हणायचं, हे ठरवणारी मीच होते.

बटण मूळ जागी आणलं. चिरका माणूस पंख्याबद्दल पहिल्यापासून सांगू लागला. मला त्याची काहीच सवय नव्हती. खुर्ची जवळ ओढून मी ऐकत बसले.